फाउंटनची देवता

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवर रायपुरात राहणाऱ्या एका कारकुनाने लेख लिहावा, यात थोडे धाडस आहे. मुंबईकरास ते कारंजे नित्य दिसते म्हणून तो त्याच्याकडे पाहत नाही. आम्हांस ते दिसत नाही म्हणून आम्ही त्यावरून वाद घालतो. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत महाराष्ट्राविषयीचे वाद किती तावातावाने चालतात, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. अशाच एका बैठकीत या कारंज्यावरून दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या चौकात मराठी माणसांनी प्राण दिले, ज्यास हुतात्मा चौक हे नाव मिळाले, तेथे रोमन देवतेने मध्यभागी उभे राहण्याचे कारणच काय? दुसरा पक्ष म्हणाला, मूर्ती देखणी आहे, दीडशे वर्षांची आहे, बरीच खटपट करून तिचा जीर्णोद्धार झाला व २०१९ च्या जानेवारीत तिचे पाणी पुन्हा सुरू झाले. सौंदर्याला प्रांत नसतो.

दोन्ही पक्ष सद्भावनेने बोलत होते. परंतु दोघांच्याही मुळाशी एकच गृहीतकृत्य होते, ते असे की कारंज्याचा अर्थ त्याच्या शिखरावरील मूर्तीत साठविलेला आहे. एकास तो परका वाटतो, दुसऱ्यास रम्य. या गृहीतकृत्याचीच परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. कारंजे १८६४ सालचे. पश्चिम हिंदुस्थानात शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी इंग्रजांनी व येथील धनिकांनी चालविलेल्या एका संस्थेने ते करविले. खर्च ४७,००० रुपये झाला व त्यांपैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फॉर्सिथ यांचे, आणि दगड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंडचा, म्हणजे चुनखडीचा, फिकट, नाजूक कोरीवकामास सोयीचा. ज्या देशात लेण्यांपासून घाटापर्यंत सारे काही काळ्या पाषाणात कोरले गेले, त्या देशात हा पांढरा दगड जहाजातून आणून उभा करण्यात आला. पुढे केव्हातरी त्यावर तैलरंगाचे थरही चढले. मूळ दगड पांढरट असताना त्यास पुन्हा पांढरे रंगविणे हा उद्योग करणाऱ्याच्या मनात काय होते ते देव जाणे. सरकारी खात्यात दरवर्षी रंगाची तरतूद असते आणि ती खर्ची घालावी लागते, एवढे मात्र आम्ही अनुभवाने जाणतो.

आता या वस्तुस्थितीतील एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष गेले नाही. हे कारंजे त्या चौकासाठी केलेलेच नव्हते. ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, बसवावयाचे होते, आणि त्यास तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव द्यावयाचे होते. मग जागा बदलली आणि नावही बदलले. उद्यानासाठी योजिलेली देवता रस्त्यावर आली. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची व वसंताची देवता. बागेत, वाफ्यांच्या मध्यभागी, तिचे असणे सार्थ ठरले असते. याच फॉर्सिथ यांनी इंग्लंडात वर्सेस्टरशायरमधील विटली कोर्ट या सरदारी वाड्याच्या बागेतही एक फ्लोरा उभी केली आहे. तेथे ती आपल्या घरी आहे. मुंबईत तिच्या भोवती फुलांचे ताटवे आले नाहीत. आल्या त्या घोडागाड्या, पुढे ट्रामगाड्या, मग मोटारी. थोडक्यात, मूर्तीचा मूळ संकेत तिच्या स्थापनेच्या दिवशीच निकामी झाला होता. ज्यांस ती परकी वाटते त्यांना मला सांगावेसे वाटते की ती केवळ आपल्याला परकी नाही. त्या चौकाला ती पहिल्यापासूनच परकी आहे.

मग त्या दगडात अर्थ मुळीच नव्हता काय? होता, पण तो फ्लोरेच्या पुराणकथेत नव्हता, कारंज्याच्या तारखेत व जागेत होता. १८६४ हे मुंबईच्या इतिहासातील विलक्षण साल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तेथील कापूस बंद पडलेला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर नाही, आणि मुंबईत पैशाचा पूर आलेला. पुढल्याच वर्षी युद्ध संपले व पूर ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. म्हणजे हे कारंजे भरतीच्या शेवटच्या लाटेवरचे. याच सुमारास फ्रियरसाहेबांच्या हुकुमाने कोटाच्या भिंती पाडल्या जात होत्या. कोटाचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता त्याच परिसरात कारंजे उभे राहिले. जेथे पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्यांस अडवीत होते तेथे उघडा चौक झाला व पाणी उडू लागले. शिवाय ते पाणी! विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईस येऊ लागले ते १८६० च्या सुमारास. त्याआधी विहिरींवर व तलावांवर तहान भागविणाऱ्या शहरात चारच वर्षांनी केवळ शोभेसाठी पाणी उडविणे, ही गोष्ट त्या काळच्या माणसाला काय वाटली असेल? आज आपल्याला कारंजे ही किरकोळ शोभा वाटते. तेव्हा ते नव्या सत्तेच्या सामर्थ्याचे प्रात्यक्षिक होते. आम्ही भिंती पाडू शकतो, कारण आम्हांस कोणाचे भय उरलेले नाही. आम्ही पाणी उधळू शकतो, कारण आम्ही ते कोसांवरून आणले आहे. असे जणू ते बोलत होते. फ्लोरा ही या बोलण्यावर चढविलेली वेलबुट्टी.

येथे आपल्याकडील पाण्याच्या वास्तूंशी तुलना करून पाहण्याजोगी आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे होते. पण ते वाड्याच्या भिंतीआड होते; राजकुलाचा तो खाजगी विलास. नगरवासीयांसाठी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून जे पाणी आणविले ते हौदांत सोडले, आणि काळा हौद, नाना हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. म्हणजे आपल्याकडे विभागणी स्पष्ट होती. शोभेचे पाणी वाड्यात, पिण्याचे पाणी रस्त्यावर. त्याच मुंबईच्या कोटात १८९४ साली रतनसी मुळजी जेठा यांनी बांधविलेले कारंजे या दुसऱ्या परंपरेचे वाटते. वरती हातात पुस्तक घेतलेला मुलगा, खाली पाणी. मुलाच्या स्मरणार्थ पाणपोई घालणे ही भावना कोणत्याही मराठी किंवा गुजराती आईबापांस समजावून सांगावी लागत नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार स्टीव्हन्स यांचा त्यास हात लागलेला असूनही ती वास्तू आपली वाटते, कारण तिचा हेतू आपला आहे. उलट फ्लोरा फाउंटनने वाड्यातला विलास रस्त्यावर आणून ठेवला. सर्वांनी पाहावा, कोणी ओंजळ धरू नये. कलेच्या दृष्टीने हे कारंजे रेखीव आहे, थरांची चढण डोळ्यास सुखविणारी आहे, वस्त्रांच्या चुण्या सफाईने कोरलेल्या आहेत. परंतु या साऱ्या सफाईत ज्यास आपण भाव म्हणतो तो मला आढळत नाही. ही चांगल्या कारागिराची कृती आहे, पण भारून टाकणारी नव्हे. या मताशी मुंबईचे वाचक सहमत होणार नाहीत. त्यांनी एकदा तरी गाडीतून उतरून, थांबून पाहावे.

ज्या घटनेने या निर्विकार दगडास अर्थ दिला ती २१ नोव्हेंबर १९५५ ची. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल नुकताच बाहेर आला होता व मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य नाकारले जात होते. कामगारांचा मोर्चा विधानसभेच्या रोखाने निघाला, फाउंटनच्या परिसरात अडविला गेला, अश्रुधूर झाला, गोळीबार झाला. त्या दिवशी १५ माणसे मेली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच शहर पुन्हा पेटले आणि मृतांची संख्या कितीतरी वाढली. १०५ हा आकडा मराठी मनात कायम झाला आहे. नंतर यादीत भर पडून १०६ व १०७ असेही आकडे दिले जातात. ज्यांनी आपली कारकीर्द आपल्याच या जुन्या मध्यप्रांताच्या सेवेत सुरू केली त्या चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, ही गोष्ट सरकारी नोकरांच्या बैठकीत विशेष अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगितली जावी. आपल्या खुर्चीची किंमत जाणणारा मनुष्य ती सोडतो तेव्हाच तिच्या सोडण्याला किंमत येते.

गोळीबाराच्या वेळी फ्लोरा तेथेच होती. तिने काही केले नाही. मूर्ती काही करीत नसते. पण त्या दिवसापासून ‘फाउंटन’ हा शब्द मराठीत एका वस्तूचे नाव राहिला नाही, एका घटनेचे नाव झाला. आणि येथे एक गोष्ट समीक्षकाने विचारात घ्यावी अशी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने अमाप काव्य निर्माण केले. शाहिरांनी मैदानेच्या मैदाने जागविली. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने रोजच्या रोज शब्दांचा भडिमार केला. तरी त्या साऱ्या काव्याचे मध्यवर्ती प्रतीक फ्लोरा झाली नाही. शत्रूच्या देवतेचा धिक्कार म्हणूनही नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या प्रियेसाठी झुरतो, आणि झुरता झुरता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होऊन जाते. प्रतीक कसे जन्मास येते याचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. ते वरून बसविलेले नसते. विरहाच्या ओळखीच्या कथेतून ते आपोआप वर येते. शाहिराला दगडी देवीची गरज पडली नाही, कारण त्याच्यापाशी मैना होती.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, चौकास हुतात्मा चौक हे नाव मिळाले व १९६१ साली कारंज्याशेजारी हुतात्मा स्मारक उभे राहिले. मशाल उंच धरलेले दोन पुरुष, एक शेतकरी व एक कामगार. आता आमच्या पहिल्या पक्षास मी एक प्रश्न विचारतो. हे स्मारक तरी कोणत्या परंपरेचे? एखाद्या वर्गास किंवा भावनेस मनुष्यरूप देऊन त्याच्या हाती खूण द्यावयाची, ही रीत फ्लोरेचीच आहे, युरोपचीच आहे. आपल्याकडील मशाल गोंधळात, पालखीपुढे, वरातीत होती. ध्येयाची खूण म्हणून ती आकाशाकडे धरण्याचे वळण आपण बाहेरून घेतले. आपल्या गावोगावी युद्धात पडलेल्या वीरांचे वीरगळ आहेत. खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत अप्सरांनी वीरास नेणे, वर शिवपूजा, असा तो दगड बोलत जातो, त्यास वाचता न येणारा मनुष्यही समजू शकतो. त्या परंपरेचा धागा १९६१ च्या शिल्पात आला असता तर मला आनंद झाला असता. तो आला नाही म्हणून स्मारक खोटे ठरत नाही. घटना खरी आहे, म्हणून ते खरे आहे. पण मग फ्लोरेवर परकेपणाचा आरोप ठेवताना आपण जरा सावध असावे, कारण दोन्ही मूर्ती एकाच शाळेत शिकलेल्या आहेत.

याच ओघात एक योगायोग. रोमन लोक फ्लोरेचा उत्सव एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत करीत, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाले ते १ मे रोजी. आमच्या एका स्नेह्यास हे कळले तेव्हा त्यांनी तत्काळ त्यात संकेत पाहिला. मला त्यात काही दिसत नाही. अशा जुळणाऱ्या तारखांवर प्रतीके उभारणे म्हणजे पंचांगावर टीका लिहिणे.

आतापर्यंत जे लिहिले ते मुंबईत बसूनही लिहिता आले असते. पण रायपुरातून हे कारंजे थोडे निराळे दिसते, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर रायपूर व नागपूर एकाच राज्यात होती. मध्यप्रांत म्हणा, नंतरचा मध्यप्रदेश म्हणा, राजधानी नागपूरच होती. येथील फायली नागपुरास जात, येथील मराठी माणूस राजधानीस जाई तो आपल्याच भाषेच्या शहरात जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्या पुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले, त्याच पुनर्रचनेने रायपुराची राजधानी भोपाळ केली. फाउंटनवर ज्या तत्त्वासाठी माणसे मेली, ते भाषावार राज्याचे तत्त्व योग्य होते. मी त्याचा समर्थक आहे. रायपूर हा मराठी मुलूख नव्हे, त्यावर महाराष्ट्राने हक्क सांगितला नाही, सांगावयासही नको होता. तरीही त्या तत्त्वाने जी रेषा आखली तिच्या या बाजूस काही माणसे राहिली. साठ्यांच्या छक्कडीत मैना गावावर राहते आणि गडी मुंबईस असतो. आमचे उलट झाले. विजयाचा हिशोब मांडताना ही लहानशी वजाबाकी कोणी दाखविली नाही, आणि तक्रार म्हणून मीही ती दाखवीत नाही. फक्त खात्यात ती असावी.

परंतु वजाबाकी मांडणाऱ्याने जुनी बाकीही पाहावी. मराठे छत्तीसगडात आले ते १७४१ मध्ये भास्करपंतांच्या फौजेबरोबर; पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले, त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. आपल्या घरांत या काळाची आठवण वैभवाची म्हणून निघते. येथील माणसाच्या आठवणीत सुभेदारीचा काळ म्हणजे मुख्यतः वसुलीचा काळ आहे, आणि ती आठवण निराधार नाही. म्हणजे छत्तीसगडच्या चौकात उभे राहून पाहिले तर बाहेरून आणलेला दगड कोणता, हा प्रश्न आपल्याकडेच वळतो. फ्लोरेस हटवा म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे. कारण त्यांचे तर्कशास्त्र येथे कोणी अवलंबिले तर आम्हां सर्वांस बिऱ्हाडे आवरावी लागतील.

या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर मला फार मोलाचे वाटते. ते माधवराव सप्रे यांचे आयुष्य. मराठी घरातील हा मनुष्य १९०० साली पेंड्र्यासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढतो, हिंदी कथेच्या आरंभकाळात ज्या कथेचे नाव घेतले जाते ती ‘एक टोकरी भर मिट्टी’ लिहितो, टिळकांचे ‘गीतारहस्य’ व समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेतो, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवतो. सप्र्यांनी मराठी सोडली नाही. मराठीतले जे उत्तम ते या भूमीच्या भाषेत ओतले. येथील लोक त्यांस परके मानीत नाहीत. पुष्कळांस ते मराठी होते हेही ठाऊक नसते. ज्या अर्थाने जेठा यांची पाणपोई आपली होते आणि फ्लोरा होत नाही, त्याच अर्थाने सप्रे येथले झाले. तेथे ओंजळ धरता येते.

रायपुरातही एक चौक आहे, ज्याच्यावाचून या विषयाचा विचार मी करू शकत नाही. जयस्तंभ चौक. मधला स्तंभ १९४७ च्या स्वातंत्र्याची खूण म्हणून उभारला. त्याची घडण साधी आहे, शिल्प म्हणून त्यावर चार ओळीही लिहिता येणार नाहीत. पण लोकांची श्रद्धा अशी की सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांस इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी देहान्त शासन दिले ते याच ठिकाणी. दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्या रयतेस धान्य वाटणे, हा त्यांचा मूळ अपराध. जागेविषयी इतिहासकारांत एकमत नाही. लोकांनी मात्र निर्णय केला आहे. स्तंभ एका प्रसंगासाठी बांधला गेला आणि त्यास अर्थ मिळाला तो नव्वद वर्षे आधीच्या दुसऱ्या प्रसंगातून. फाउंटनवर अर्थ नंतर आला, येथे तो आधीच जमिनीत होता. शिल्पकारास दोन्ही ठिकाणी त्याची वार्ता नव्हती.

म्हणून फ्लोरा हटवू नये, आणि तिच्या रंगरंगोटीवर भाळूनही जाऊ नये, असे माझे मत आहे. ती आणि मशालवाले दोघे एकमेकांशी न बोलता शेजारी उभे आहेत, तसेच असावेत. मुंबई कोणी बांधली व कोणी मिळविली हे दोन्ही प्रश्न त्यामुळे एका दृष्टिक्षेपात येतात. काही नगररचनाकारांस असा विसंवाद खपत नाही, सारा चौक एका शैलीत बसवावा असे त्यांना वाटते. त्यांच्या हाती हा चौक सुदैवाने अजून पूर्णपणे गेलेला नाही. २१ नोव्हेंबर आणि १ मे या दिवशी तेथे हार व पुष्पचक्रे येतात. ती फुलांच्या देवतेसमोर कोणी ठेवीत नाही. ती शेजारच्या शेतकऱ्यापुढे व कामगारापुढे ठेवली जातात. मग एकोणीस दिवसांनी, १० डिसेंबरला, येथे जयस्तंभापाशी फुले येतात, आणि आमच्या कार्यालयातील मंडळी रिक्षा थांबवून, चप्पल काढून, घटकाभर उभी राहतात.